काय वाजलं वं

माझं काम ऐकण्याचं आहे. कोणी अभ्यासक, कोणी संस्थावाले गावोगाव जाऊन लोकांशी बोलतात, ते बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवतात, आणि मी हेडफोन लावून ते शब्दाला शब्द टाइप करून देते. याला आमच्यात अजूनही टेप उतरवणं म्हणतात, टेप जाऊन जमाना झाला तरी. पायाखाली एक पेडल असतं. पाय दाबला की बोलणं सुरू, उचलला की बंद, पुन्हा दाबला की चार शब्द मागून परत सुरू. डोळे पडद्यावर, बोटं कीबोर्डवर, पाय पेडलवर आणि सगळा जीव कानात.

मागच्या वर्षी जुना कॉम्प्युटर गेला आणि नवा घ्यावा लागला. जुना मुकाट होता. त्याला काही सांगायचं असलं तर तो पडद्यावर सांगायचा, मी वाचलं तर वाचलं. नवा बोलका निघाला. मेल आला की टुंग. चुकीची कळ दाबली गेली की ढब्ब. प्रिंटरमधला कागद संपला की एक लांबलचक सूर, जणू कोणी दगावलं. आणि हे सगळं हेडफोनमध्ये, थेट कानाच्या पडद्यावर, समोरच्या माणसाच्या बोलण्याच्या डोक्यावर पाय देऊन.

उमरेडकडच्या एका म्हातारीची टेप मी उतरवत होते. विणकर घरातली बाई. हातमाग घरातून कसा गेला ते ती सांगत होती. आवाज बारीक, आणि दुःखाचं आलं की आणखी बारीक. "मंग त्या दिवशी आमच्या घरच्यायनं माग..." आणि टुंग. घरच्यांनी माग विकला, मोडला की जाळला, काही कळलं नाही. मी मागे गेले. "मंग त्या दिवशी आमच्या घरच्यायनं..." टुंग. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं की मोडला. चुलीत घातला मोडून. बाई पुढे बराच वेळ गप्प होती, मुलाखत घेणारीही गप्प होती, आणि त्या गप्प बसण्यात माझ्या कॉम्प्युटरने मला कळवलं की एका अॅपची नवी आवृत्ती उपलब्ध आहे.

आवाज सरसकट बंद करता येत नाही, हीच तर अडचण. दुसऱ्या कोणी बाईने स्पीकरवर फुली मारली असती आणि विषय संपला असता. मी फुली मारली तर टेपही बंद.

त्यात बाबा राहायला आले.

आई गेल्यावर कोराडी रस्त्याकडच्या घरात बाबा एकटेच होते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मी त्यांना मनीषनगरला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. मी एकटी, ते एकटे. आतली खोली त्यांना दिली आणि माझं टेबल हॉलमध्ये आणलं. दिवसभर हेडफोन लावून माझे कान दुखायचे, म्हणून सोप्या टेपा मी स्पीकरवर ऐकायचे. म्हणजे आता टुंग माझ्या एकटीचं राहिलं नाही, घराचं झालं.

बाबांनी सगळी नोकरी वेगवेगळ्या वीज केंद्रांच्या कंट्रोल रूममध्ये काढली. तिथे भिंतभर पॅनल असतं आणि त्यावर छोट्या चौकोनी खिडक्या असतात. कुठे काही बिघडलं की त्याची खिडकी लुकलुकते आणि भोंगा वाजतो. ऑपरेटरने उठायचं, खिडकी वाचायची, मगच बटण दाबून भोंगा बंद करायचा. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी काहीही वाजलं की ते आधी उभे राहतात आणि मग विचार करतात.

तर टुंग वाजलं की आतल्या खोलीत खुर्ची करकरायची. मग पावलं. मग दारात बाबा.

"काय वाजलं वं?"

"काही नाही बाबा. मेल आला."

"मेल आला तं वाजला काहून?"

"आला म्हणून सांगते ते."

"कोणाचा आला?"

मला बघावं लागायचं. कोणत्या तरी दुकानाची जाहिरात असायची. बाबा ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि परत जायचे. जाताना एक पाय ओढत. मला वाटायचं, आता दहा मिनिटं तरी शांतता. तेवढ्यात ढब्ब. खुर्ची करकरली.

"बाबा, उठू नका जी. तुमचे गुडघे दुखते."

"उठत नाही मी. उठणं होऊन जाते."

मी सेटिंगमध्ये शिरले. आवाजाचं पान शोधलं. तिथे भलीमोठी यादी होती. हे झालं की हा आवाज, ते झालं की तो. वर एक सोय दिसली, 'कोणतेही आवाज नाहीत'. ती निवडली, ठीक आहे म्हटलं, आणि मोठ्या समाधानाने चहा करून आणला. पहिला घोट घेतला आणि टुंग वाजलं.

मग कळत गेलं की कॉम्प्युटरचे आवाज वेगळे आणि त्याच्यात राहणाऱ्या बाकीच्यांचे वेगळे. मेलचा त्याचा स्वतःचा, कॅलेंडरचा स्वतःचा, मोबाइलचे निरोप पडद्यावर दाखवणाऱ्या अॅपचा स्वतःचा. प्रत्येकाचं सेटिंग वेगळ्या जागी. एकाचं दातेरी चाकामागे, एकाचं तीन टिंबांमागे, एकाचं कुठेच नाही. काही ठिकाणी मराठी भाषा निवडायची सोय होती. हौसेने निवडली, तर 'ध्वनी अधिसूचना अक्षम करा' असलं काही समोर आलं. मी मराठीवरच पोट भरते, पण त्या पानावर आपण नेमकं काय अक्षम करतो आहोत ते मला समजेना. परत इंग्रजीवर गेले.

बंद केलेलं पुन्हा सुरूही व्हायचं. कॉम्प्युटर कधीतरी आपलं आपण अपडेट घ्यायचा, काळा होऊन परत उजळायचा, आणि मी घातलेले सगळे अडसर काढून टाकलेले असायचे. हा काही बिघाड नव्हता. तो नवा होत होता, आणि नवा झाला की जुनी मालकीण विसरत होता.

शेवटी कॉम्प्युटर घेतला होता त्या बर्डीवरच्या दुकानात फोन केला. त्यांनी एक माणूस पाठवला. मध्यमवयाचा, घाईतला. गाडीची किल्ली हातातच. मी सगळं सांगितलं. बाबा सोफ्यावर बसून ऐकत होते.

"मॅडम, स्पीकर बंद करून टाका ना."

"मग मला ऐकू कसं येणार? माझं कामच ऐकायचं आहे."

"मंग आवाज तं राहीनच."

"मला टेपचा आवाज पाहिजे. बाकीचे नको."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोह्यातून फक्त कांदा काढून मागत होते. मग खुर्चीवर बसला, भराभर काही पानं उघडली आणि बंद केली. एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. म्हणाला, हे सगळं साफ ठेवते. तो दारात चप्पल घालत असताना बाबांनी त्याला अडवलं.

"हे वाजते कशानं, ते पाह्यलं का तुम्ही?"

"काका, नवीन सिस्टिममध्ये असंच राहते."

"असंच म्हणजे कसं?"

तो हसला आणि जिना उतरला. संध्याकाळी त्याच्या सॉफ्टवेअरने एक आवाज काढला जो आधी या घरात कधी वाजला नव्हता. तुतारीसारखा. तुमचा कॉम्प्युटर साफ आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

मी डोकं टेबलावर टेकवलं. बाबा आले, मागे उभे राहिले. काय वाजलं ते यावेळी त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "तू त्याले नुसतं चूप कराले पाहून राहिली. कोण वाजून राहिलं ते आधी पाह्य ना."

"बाबा, पाहायला वेळ कुठे आहे? परवा टेप द्यायची आहे."

"मंग देऊन टाक. रविवारी पाहू."

रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी आतली खुर्ची आणून माझ्या खुर्चीशेजारी लावली. त्यांची पद्धत सरळ होती. काही बंद करायचं नाही. बसून राहायचं. वाजलं की कोणी वाजवलं ते शोधायचं, त्याच्या घरी जायचं आणि तिथेच त्याला बंद करायचं. मग पुढच्याची वाट बघायची.

ऐकायला सोपं. आम्ही बसलो तर काही वाजेचना. आठवडाभर जीव खाल्लेला कॉम्प्युटर सोवळ्यात बसल्यासारखा गप्प. बाबा पडद्याकडे टक लावून. मी मोबाइलवरून स्वतःलाच एक मेल पाठवला. टुंग. उजवीकडे खाली एक पट्टी सरकत आली, आणि मी चष्मा सावरेपर्यंत निघूनही गेली.

"कुठं गेली?" बाबा म्हणाले.

"गेली. तशीच जाते."

"वाचल्याबिगर कशी जाते? आमच्या इकडे दिवा लागला की लागून राहत होता. माणसानं पाह्यलं, बटण दाबलं, तेव्हाच..."

"बाबा, हे पॅनल नाही आहे."

"तेच सांगून राहिलो मी."

दुपार अशीच गेली. भांडणही झालं. ते म्हणायचे मागे जा, मी म्हणायचे मागे जाता येत नाही. ते पडद्याला बोट लावायचे, मी ते पुसायचे. पण मेलवाला सापडला. कॅलेंडरवाला सापडला. तुतारीवाल्याला तर मी मुळापासून उपटून काढला. मग एक सापडला राशिभविष्याचा. कधीतरी चुकून मी कुठल्या तरी पानावर परवानगीला हो म्हटलं होतं आणि तेव्हापासून तो रोज टुंग करून मला भविष्य सांगत होता. त्या दिवशी त्याचं म्हणणं होतं की मकर राशीच्या लोकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद टाळावा.

"तुझी रास कुठं मकर आहे?" बाबा म्हणाले.

"नाहीच आहे."

"मंग आपल्याले लागू नाही."

शेवटचा आवाज फार छळून सापडला. डुडुंग असा, दोन पायऱ्या चढल्यासारखा, आणि लगेच उलटा, दोन पायऱ्या उतरल्यासारखा. पट्टी नाही, निरोप नाही, काही नाही. बाबांनी प्रिंटरवर संशय घेतला, मी मेलवर. प्रिंटरची वायर काढली तरी वाजला. इंटरनेट बंद केलं तरी वाजला. मी वैतागून पाय आपटला आणि तो दोनदा वाजला. पायाखालच्या पेडलची वायर कॉम्प्युटरच्या मागे सैल बसली होती. मी पाय हलवला की ती निसटायची आणि बसायची. निसटली की एक आवाज, बसली की दुसरा. म्हणजे इतके दिवस टेप उतरवताना तो आवाज मीच माझ्या पायाने वाजवत होते. वायर दुसऱ्या खाचेत घट्ट बसवली.

संध्याकाळी आम्ही दोघं हॉलमध्ये बसून चहा प्यायलो. मी मोबाइलवरून तीन मेल पाठवून पाहिले. काही वाजलं नाही. बाबांनी बिस्किट बुडवलं आणि म्हणाले, "झालं ना आता."

दोन-तीन दिवस मी काय काम केलं म्हणून सांगू. माणसं बोलत होती आणि मी ऐकत होते, मध्ये कोणी नव्हतं. एका टेपमध्ये मुलाखत घेणाऱ्याचाच मोबाइल मध्येमध्ये वाजत होता. तो तिकडचा आवाज, आता रेकॉर्ड होऊन बसलेला. त्याला कोणतंही सेटिंग नव्हतं. चिडचिड झाली, पण तेवढं चालतं म्हटलं.

मग एका सकाळी खुर्ची करकरली.

"काय वाजलं वं?"

"काही नाही वाजलं."

"वाजलं ना आत्ता."

मी पडदा पाहिला. काही नव्हतं. स्पीकरसुद्धा बंद होता, मी हेडफोन लावून होते. हेडफोन काढून ऐकलं. खाली भाजीवाला ओरडत होता, एवढंच. बाबा परत गेले. तासाभराने पुन्हा आले. दुपारी पुन्हा. मला वाटलं इन्व्हर्टर असेल, त्याची बॅटरी उतरली की तो चिरकतो. तो पाहिला. फ्रिज पाहिला. शेजारच्यांच्या दाराला कान लावून आले. पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. आता टुंग नव्हतं, पण बाबा होतेच. मी वाक्याच्या मध्यावर असताना दारात उभे राहायचे, आणि मला हेडफोन काढून नाही म्हणावं लागायचं.

त्या आठवड्यात एक मोठं काम अंगावर होतं. बोलणारा माणूस तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवून बोलत होता, त्याचं प्रत्येक वाक्य चार वेळा ऐकावं लागत होतं. बाबा आले.

"पोरी, पाह्य बरं. वाजून राहिलं."

"बाबा, काही नाही वाजून राहिलं. इथं काहीच नाही वाजून राहिलं. तुमच्या कानातच वाजून राहिलं असन."

मी हे रागाने बोलले. चिडलेलं माणूस जसं काहीही बोलतं तसं. बाबा दारातच थांबले. मला वाटलं आता तेही चिडतील, आणि एकदा भांडण होऊन जाईल तर बरं. पण ते चौकट धरून, पाय ओढत आत आले. मग सोफ्यावर येऊन बसले.

"असन बा," म्हणाले.

मी हेडफोन टेबलावर ठेवले.

"तुझी आईही तेच म्हणे."

"काय म्हणायची?"

"तिकडच्या घरी मले वाटे फ्रिज वाजते. बारीक शिट्टीवानी. दोनदा मेकॅनिक बोलावला. त्याले काही सापडे नाही. मंग नवीन फ्रिज आणला, तं तोही वाजे."

तो जुना फ्रिज इतवारीतल्या माझ्या मामाकडे गेला, हे मला माहीत होतं. चांगला चालणारा फ्रिज बाबांनी का देऊन टाकला हे घरात कोणालाच कळलं नव्हतं. मामा अजूनही तो वापरतो.

"किती वर्षं झाली याला?"

"आठवत नाही. नोकरीत असताना ध्यानात येत नव्हतं. तिथं सगळंच वाजे."

"डॉक्टरला काहून नाही सांगितलं?"

"मले वाटे बाहेरून येते." ते आपल्या तळहातांकडे पाहत होते. "बाहेर काही वाजलं तं पाहाव लागते ना. त्याच्यासाठी डॉक्टरकडे कोण जाते."

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. आधी तपासणी. काचेची एक बंद खोली, टेलिफोन बूथ असायचे तेवढी. बाबांना आत बसवलं, कानाला मोठे हेडफोन, हातात एक बटण. बाहेर यंत्रापाशी एक मुलगी बसली होती. तिने सांगितलं, "काका, आवाज आला की बटण दाबजा. बारीक आला तरी दाबजा."

हे काम बाबांच्या हाडीमासी खिळलेलं. ताठ बसले, अंगठा बटणावर. मी काचेतून बघत होते. ते दाबत होते, मुलगी यंत्रावर खूण करत होती. मग तिने भुवया वर केल्या. यंत्र थांबवलं. दार उघडलं.

"काका, मी आवाज सोडलाच नाही तरी तुम्ही दाबून राहिले. आवाज आला तरच दाबा."

"आला म्हणूनच दाबलं."

"नाही आला काका."

"तुम्हाले नसन आला."

तिने पुन्हा पहिल्यापासून तपासलं. बाबा पुन्हा तसेच. तिसऱ्यांदा ती म्हणाली की काका, आता नक्की खात्री असेल तेव्हाच दाबा, आणि मग बाबांनी बटण दाबणंच जवळजवळ सोडून दिलं. काचेपलीकडे ते नुसते बसले होते, अंगठा उचललेला, कपाळावर आठ्या, कोणता आवाज आतला आणि कोणता बाहेरचा ते निवडत. मला त्या मुलीचा राग आला, जिचा काही दोष नव्हता. बाबांचाही आला. सगळ्यात जास्त राग कोणाचा आला ते सांगता येत नाही.

डॉक्टरीण बाई समजूतदार होत्या. कागद पाहून म्हणाल्या, बारीक आवाज ऐकू येणं बरंच कमी झालंय, आणि कानात आवाज येणं त्याच्याच सोबतीनं येतं. वयाने होतं, आवाजात काम केल्याने होतं, कोणाला काही कारण नसतानाही होतं.

"औषध?" मी विचारलं.

"याला खात्रीचं औषध नाही. कानाचं मशीन लावलं तर थोडा फरक पडेल."

"बंद नाही होणार?" बाबांनी विचारलं.

"नाही काका. पण अगदी शांत जागी बसू नका. शांतता असली की हा आवाज जास्त जाणवतो. काहीतरी हळू आवाज चालू ठेवा. पंखा, रेडिओ, काहीही. हळूहळू मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो."

"उन्हाळ्यात नव्हतं जाणवत," बाबा म्हणाले. "कूलर चालू राहे."

"बघा, तेच."

मी तिथे खुर्चीत बसून हिशोब लावत होते. ज्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून घर शांत केलं, त्याच्यानंतरच बाबांना जास्त ऐकू यायला लागलं होतं. टुंग आणि ढब्ब होते तोवर त्यांच्या शिट्टीला लपायला जागा होती. मी ती जागा पुसून काढली. चूक कोणाची म्हणावी? माझ्या कॉम्प्युटरमध्ये निदान कुठेतरी एक चौकोन होता ज्यावरची खूण काढता येत होती.

 ऑटो घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "मशीन नको मले. कानात अजून एक वाजणारं काहाले पाहिजे." मी पटवायचा प्रयत्न केला, पुढेही बरेच दिवस करत राहिले. त्या बाबतीत ते अजून हललेले नाहीत.

मग आमची नवीच कसरत सुरू झाली. त्यांना आवाज पाहिजे, मला शांतता. आतल्या खोलीत रेडिओ लावला, तर दोन तासांत त्यांनीच बंद केला. म्हणाले, यात लोक बोलते तं मले ऐकाव लागते, आणि नीट ऐकू येत नाही. भजनं लावली, तर शब्द भिंतीतून माझ्याकडे यायचे आणि माझ्या टायपिंगमध्ये शिरायचे. एकदा मी एका शेतकी अधिकाऱ्याच्या तोंडी अभंगाची अर्धी ओळ टाइप केली आणि तशीच पाठवून दिली. पंखा पूर्ण वेगाने लावला, तर त्यांना सर्दी झाली. मी मोबाइलवर पावसाच्या आवाजाचं अॅप टाकून दिलं. बाबांनी थोडा वेळ ऐकलं आणि खिडकीतून वाळत घातलेले कपडे काढून आणले. पुन्हा ऐकलं, पुन्हा खिडकीशी गेले. ते अॅप मी काढून टाकलं.

शेवटी त्यांनीच उपाय काढला. हॉलला लागून गॅलरी आहे, रस्त्याच्या बाजूला. खाली दिवसभर गाड्या, हॉर्न, कोणाच्या तरी घराचं बांधकाम, रेती उतरवणारे टेम्पो. हा फ्लॅट घेतला तेव्हा या रस्त्याला मी किती शिव्या दिल्या होत्या. बाबांनी तिथे खुर्ची टाकली, आणि दुपारी चहापर्यंत बसून राहिले. एकदाही उठले नाहीत.

"तिथं नाही वाजत?" मी विचारलं.

"वाजत असन. कोण ऐकते."

तेव्हापासून ते गॅलरीत आणि मी हॉलमध्ये. मध्ये सरकतं काचेचं दार. ते उघडं राहिलं तर रस्ता माझ्या टेपांमध्ये घुसतो, म्हणून मी ते लावून घेते. दाराला आतून कडी आहे. नीट लावली नाही तर दार आपोआप फटीएवढं सरकतं, म्हणून मी कडीही लावायचे. टेबलाशी बसले की माझी पाठ गॅलरीकडे असायची.

एका दुपारी मी एक लांब टेप उतरवत होते. चांगली टेप होती, स्वच्छ आवाज, बोलणारी बाई मोकळी. कितीतरी वेळाने पाय उचलला, हेडफोन काढले आणि पाणी प्यायला उठले, तर काचेपलीकडे बाबा उभे. ऊन गॅलरीत पूर्ण आलं होतं. शर्ट पाठीला चिकटलेला. एक हात काचेवर, मुठीने ठोकत होते, पण आता हळू, ठोकत राहायचं म्हणून ठोकत असल्यासारखं.

मी धावत कडी काढली. त्यांना आत आणून सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, ओला टॉवेल दिला. 

"केव्हापासून ठोकत होते बाबा?"

"झाला असन बराच वेळ."

"फोन करायचा ना."

"फोन आतच राहिला." त्यांनी तोंड पुसलं. आता ते चिडले होते, आणि ते बघून मला बरं वाटलं. "तू पाठ करून बसते. एवढा मोठा माणूस दार वाजवून राहिला आणि तुले पत्ता नाही. मले तं वाटलं खालच्या टेम्पोवाल्यालेच हाक मारावी."

"मारायची होती ना."

"काय सांगू त्याले? माह्या पोरीनं मले बंद केलं?"

त्याच संध्याकाळी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती कडी काढून टाकली. दार आता फटीएवढं सरकतं आणि रस्ता आत येतो. फटीत टॉवेल कोंबते, तो पडतो. दुसऱ्या दिवशी टेबलही फिरवून घेतलं, गॅलरीकडे तोंड करून, म्हणजे मान वर केली की बाबा दिसतात. वायरी पुरेनात म्हणून लांब वायर आणली, ती येता-जाता पायात येते. आणि दुपारी तीननंतर ऊन काचेतून सरळ पडद्यावर येतं. अक्षर दिसत नाही. मी हाताचा आडोसा करून टाइप करते, एका हाताने, आणि फार चुका होतात.